साष्टीची किंमत : भाडोत्री फौजेच्या एका कराराचा इतिहास

भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले नाहूर हे मध्य रेल्वेचे एक लहानसे स्थानक. तेथून निघालेली धीमी लोकल मुलुंडला थांबते आणि पुढच्याच थांब्याला ठाण्यात शिरते. नाहूर, मुलुंड, भांडुप, घाटकोपर आणि डोंगरापलीकडची अंधेरी, बोरिवली ही सारी गावे एकाच बेटावरची, साष्टी बेटावरची. भराव आणि पूल यांमुळे ते आज बेट वाटत नाही, हा भाग निराळा. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेत झालेल्या एका करारात हे अख्खे बेट एका माणसाने एका कंपनीला लिहून दिले. त्या बदल्यात कंपनीने त्याला २,५०० सैनिकांची फौज भाड्याने द्यायची होती.

तो माणूस म्हणजे रघुनाथराव पेशवे. कंपनी अर्थातच ईस्ट इंडिया कंपनी. हा धागा त्या कराराचा, आणि तो ज्या लष्करी बाजारातून निपजला त्या बाजाराचा.

खासगी लष्करी कंपन्या हा आज आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या अभ्यासातला एक स्वतंत्र विषय आहे. इराकमधील ब्लॅकवॉटर आणि रशियाची वॅग्नर ही नावे बातम्यांमुळे सर्वांना ठाऊक झाली. पी. डब्ल्यू. सिंगर यांचे ‘कॉर्पोरेट वॉरियर्स’ हे पुस्तक २००३ साली आले आणि या विषयाची चर्चा खऱ्या अर्थाने तेव्हापासून विद्यापीठांत रुजली. शॉन मॅकफेट यांनी प्राध्यापक होण्यापूर्वी अशाच एका कंपनीसाठी आफ्रिकेत काम केले होते. त्यांचे ‘द मॉडर्न मर्सिनरी’ २०१४ चे. हे अभ्यासक पूर्वेतिहास शोधताना बहुधा मध्ययुगीन इटलीकडे वळतात. तेथील नगरराज्ये कराराने फौजा भाड्याने घेत आणि त्या फौजांच्या नायकांना ‘कोंदोत्तिएरी’ म्हणत. मराठी मुलखाचे अठरावे शतक या चर्चेत फारसे येत नाही. वास्तविक ते इटलीइतकेच बोलके आहे, आणि त्याचे कागद पुण्याच्या दप्तरखान्यात मोडी लिपीत उपलब्ध आहेत.

मराठ्यांच्या भाडोत्री सैनिकांवर पहिला मोठा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तो एका बंगाली प्राध्यापकाने. सुरेंद्रनाथ सेन यांचा जन्म १८९० चा. कलकत्ता विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी मराठी आत्मसात केली, सभासदाच्या बखरीचा इंग्रजी अनुवाद १९२० मध्ये प्रसिद्ध केला आणि १९२८ मध्ये ‘द मिलिटरी सिस्टिम ऑफ द मराठाज’ हा ग्रंथ लिहिला. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८५७ च्या शताब्दीनिमित्त भारत सरकारने त्या उठावाचा इतिहास लिहिण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले होते. परंतु १९२८ चा तो ग्रंथ आजही हाती घ्यावा असा आहे, कारण त्यात लढायांइतकेच लक्ष पगाराकडे दिलेले आहे. शिपायाला किती मिळत असे, कोणाला जास्त मिळत असे, मिळाले नाही तर तो काय करीत असे, याची त्यात तपशीलवार नोंद आहे.

सेन यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : शिवकाळातील फौज मुलखातल्या माणसांची होती, तिला एक ध्येय होते. पेशवाईत अरब, रोहिले, सिंधी, शीख, पुरभय्ये आणि फिरंगी यांची खोगीरभरती झाली, फौजेचे राष्ट्रीय स्वरूप लोपले आणि त्यातच ऱ्हासाचे बीज होते. या निष्कर्षाला पुढे उत्तरे मिळाली. त्यांच्याकडे नंतर वळू. आधी गारदी कोण होते ते पाहणे आवश्यक आहे.

‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’ या शब्दावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. फ्रेंच सेनानी बुसी याने हैदराबादेत निजामाच्या आश्रयाने पाश्चात्त्य पद्धतीची कवायती पलटणे उभी केली. रांगेत उभे राहून, हुकमासरशी एकत्र बंदुका झाडणारे हे पायदळ दख्खनच्या घोडदळाला नवीन होते. या फौजेच्या खर्चासाठी निजाम सलाबतजंगाने १७५३ मध्ये बुसीला पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकारचा प्रदेश लावून दिला. फौज भाड्याने घ्यायची आणि भाडे म्हणून मुलूख तोडून द्यायचा, हा प्रघात साष्टीच्या आधी वीस-बावीस वर्षे दख्खनमध्ये पडला होता.

बुसीच्या तालमीत तयार झालेले सरदार हळूहळू इतरत्र नोकरी शोधू लागले. त्यांतील दोघांची चरित्रे शेजारी ठेवून वाचावीत. मुजफ्फरखान गारदी कधी निजामाकडे, कधी पेशव्यांकडे असा फिरत राहिला आणि १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊंवरील मारेकरी हल्ल्याच्या कटात सापडून देहदंडास पात्र ठरला. त्याच्या जागी भाऊंनी इब्राहिमखान गारद्याला जवळ केले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखानाची पलटणे मराठी सैन्याच्या डाव्या बगलेवर उभी होती. त्यांनी समोरच्या रोहिल्यांची वाताहत केली आणि स्वतःही बहुतांश तेथेच संपली. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि पकडणाऱ्यांनी त्याला ठार केले. दोघेही भाडोत्री, दोघेही एकाच शाळेचे. ‘भाडोत्री म्हणजे बेइमान’ हे समीकरण या एका उदाहरणाने कोसळते, आणि सेन यांच्या निष्कर्षाची पहिली अडचण येथेच सुरू होते.

मग फरक कशाने पडत असे? बऱ्याच अंशी रोजमुऱ्याने. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, त्याची गावी वतनवाडी असे, सरदाराला सरंजाम असे. हप्ता थकला तरी त्याचा संसार बंद पडत नसे. गारद्याचे सारे पोट महिन्याच्या रोख पगारावर. त्यातही दर सारखे नव्हते. पेशवाईच्या अखेरीस अरब शिपायाला दख्खनी शिपायाच्या दुपटीहून अधिक मिळे. पेशव्यांचा खजिना कर्जाखाली कायमच वाकलेला, त्यामुळे पगार थकणे हा अपवाद नव्हता, तो रिवाज होता. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरीत. त्याला जेवू देत नसत, बाहेर जाऊ देत नसत. धरणे हा त्या काळी जवळजवळ मान्य झालेला वसुलीचा मार्ग होता, आणि म्हणूनच हत्यारबंद गारदी वाड्यात आरडाओरडा करीत शिरले तर पहारेकऱ्यांना त्यात जगावेगळे काही वाटण्याचे कारण नव्हते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी नेमके हेच घडले. सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ यांच्या हाताखालचे गारदी थकलेल्या पगाराचा कालवा करीत शनिवारवाड्यात घुसले. पेशवे नारायणराव नुकतेच अठरा वर्षांचे झाले होते. ते पळत चुलत्याच्या, रघुनाथरावांच्या दालनात गेले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. चिठ्ठीतील ‘धरावे’चे ‘मारावे’ करणाऱ्या आनंदीबाईंची कथा सर्वांना पाठ आहे. ती कागदोपत्री सिद्ध होत नाही, आणि तिच्यावरच सारे लक्ष खिळल्यामुळे एक साधी गोष्ट झाकली जाते : पेशव्याच्या वाड्याचे रक्षण ज्यांच्याकडे होते, त्यांच्याशी पैशाची आणि किल्ल्यांची बोलणी दुसरा कोणीतरी करू शकत होता, आणि ते थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन वाड्यात शिरू शकत होते. कवायत फ्रेंचांकडून आली होती. वेळेवर पगार देणारी कचेरी मात्र कोणी उभी केली नव्हती.

जून २०२३ मध्ये वॅग्नरच्या सैनिकांनी रशियाच्या संरक्षण खात्याशी बिनसल्यावर रोस्तोव शहर ताब्यात घेऊन मॉस्कोची वाट धरली, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी जे प्रश्न विचारले ते शनिवारवाड्याला परके नव्हते. करार कोणाशी, दारूगोळा कोणाच्या हाती, आणि अखेरचा हुकूम कोणाचा? तपशील अर्थातच निराळे. वॅग्नरचे बंड एका दिवसात निवळले आणि त्याच्या म्होरक्याचा दोन महिन्यांनी विमान कोसळून अंत झाला. पुण्यात मात्र खून होऊन गेला होता आणि ज्याच्यावर संशय तोच गादीवर बसला होता.

रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदींनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नीला मुलगा झाला आणि रघुनाथरावांचा गादीवरचा दावा कायद्याने संपला. हाती लागलेल्या गारद्यांना पुढे कठोर शासन झाले. रघुनाथराव उत्तरेकडे निसटले, आणि फिरत फिरत गुजरातेत पोहोचले. अटकेपर्यंत गेलेल्या या सेनानीजवळ आता थोडी फौज, बरेच जवाहीर आणि पुष्कळ कर्ज होते. फौज कोठून मिळेल, एवढाच प्रश्न उरला होता. त्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत होते.

ईस्ट इंडिया कंपनीला ‘खासगी लष्करी कंपनी’ म्हणावे काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते योग्यच आहेत. आजची अशी कंपनी मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी लढते. ईस्ट इंडिया कंपनी सनदेच्या बळावर स्वतःसाठी लढत असे, नाणी पाडीत असे, न्याय देत असे. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई तिला वार्षिक दहा पौंड भाड्याने दिली, तेव्हा बेटावरचे राजाचे सैनिकही तिच्या चाकरीत आले. तिच्या मुंबईतील फौजेची सुरुवात ती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीची फौज दोन लाखांच्या घरात गेली होती. एवढे सैन्य असलेल्या संस्थेला केवळ भाडोत्री म्हणणे अपुरे ठरेल. परंतु सुरतेच्या करारापुरती ती अगदी आजच्या अर्थाने भाड्याची फौज होती. दर ठरलेला, संख्या ठरलेली, तारण ठरलेले.

मुंबईकरांना साष्टी का हवी होती? मुंबई बेट लहान, खडकाळ आणि खर्चिक. धान्य, लाकूड, भाजीपाला साऱ्यासाठी शेजारच्या मुलखावर अवलंबून. शिवाय माहीमची खाडी ओलांडली की परका मुलूख सुरू होई. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, आणि तेव्हापासून मुंबईच्या वेशीवर मराठी अंमल उभा होता. शिवाय मुंबई इलाख्याचा जमाखर्च कधीच जुळत नसे. बंगालच्या पैशावर त्याचा गाडा चाले. १७७२ मध्ये कंपनीने टॉमस मॉस्टिन याला वकील म्हणून पुण्यास पाठवले, तेव्हा साष्टी आणि वसई मिळवणे हे त्याच्यावर सोपवलेल्या कामांपैकी एक होते.

रघुनाथरावांनी मात्र साष्टी-वसई देण्यास आरंभी साफ नकार दिला होता. हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ती भूमी त्यांच्या काकांनी, चिमाजीअप्पांनी, हजारो माणसे खर्ची घालून मिळवली होती. बोलणी अडली. त्यातच पोर्तुगिजांची ताज्या दमाची फौज वसई आणि साष्टी परत घेण्यासाठी येत असल्याची वार्ता मुंबईत पसरली. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्याच्या कौन्सिलने मग करार होण्याची वाट पाहिली नाही. जनरल रॉबर्ट गॉर्डन याच्या हाताखाली फौज ठाण्यावर चालून गेली. डिसेंबर १७७४ च्या अखेरच्या आठवड्यात तटाला खिंडार पडले. पहिला हल्ला मराठी शिबंदीने परतवला. दुसऱ्या हल्ल्यात किल्ला पडला आणि आतल्या शिबंदीची मोठी कत्तल झाली. इंग्रजी आरमाराचा प्रमुख कमोडोर वॉटसन याच लढाईत जखमी होऊन मरण पावला. वर्ष उलटते न उलटते तोच अख्खी साष्टी कंपनीच्या हाती गेली होती.

ठाण्याचा तो किल्ला आजही उभा आहे. ठाणे मध्यवर्ती कारागृह त्याच्याच तटांच्या आत आहे, त्यामुळे इतिहासप्रेमींना तो सहसा बाहेरूनच पाहावा लागतो.

म्हणजे सुरतेच्या करारात कंपनीने जे भाडे मागितले, ते तिने दोन महिने आधीच वसूल करून घेतले होते. रघुनाथरावांच्या हातात नकार देण्यासारखे काही उरले नव्हते. जे गेले होते त्यावर शिक्कामोर्तब करणे एवढेच बाकी होते.

करारातील मुख्य कलमे अशी. कंपनीने गोरे आणि देशी मिळून २,५०० सैनिक तोफखान्यासह द्यावेत. रघुनाथरावांनी त्यांच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत आणि हमी म्हणून सहा लाखांचे जवाहीर कंपनीकडे गहाण ठेवावे. साष्टी, वसई आणि लगतची बेटे कायमची द्यावीत. गुजरातेतील जंबुसर आणि ओलपाड द्यावेत. अंकलेश्वरच्या महसुलातून दरसाल ७५,००० रुपये द्यावेत. साधा हिशेब केला तर दरमहा दर सैनिकामागे साठ रुपये पडतात. त्यात अंमलदारांचे पगार, तोफा, बैल, रसद सारे आले हे खरे. तरीही कंपनीचा देशी शिपाई महिना दहा रुपयांहून कमी पगारावर नोकरी करी, हे लक्षात घेतले म्हणजे ‘भाडे’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. मुलूख तो वेगळाच.

खासगी फौज आणि जमीन यांचा हा संबंध जुना झालेला नाही. १९९५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या सरकारजवळ बंडखोरांशी लढण्यासाठी पैसा नव्हता. दक्षिण आफ्रिकेची ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ ही कंपनी मदतीला आली, आणि तिच्याशी संबंध असलेल्या खाण कंपनीला हिऱ्यांच्या खाणींचे हक्क मिळाले. बंडखोर मागे हटले, हेही तितकेच खरे. ज्याच्याजवळ रोकड नाही तो भविष्यातील उत्पन्न गहाण टाकतो. आणि ज्याच्यावर शत्रू चालून येत आहे, त्याला भाव करण्याची सवड नसते. रघुनाथरावांना ती नव्हतीच.

आता भाड्याच्या फौजेने काम काय केले ते पाहू. कर्नल टॉमस कीटिंग याच्या हाताखाली फौज गुजरातेत उतरली. १८ मे १७७५ रोजी आणंदजवळ अडास येथे हरिपंत फडक्यांच्या सैन्याशी गाठ पडली. मैदान इंग्रजांच्या हाती राहिले, पण त्यांची दोनशेहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. त्यानंतर पुण्याकडे कूच करण्याची वेळ आली तेव्हा रघुनाथरावांची स्वतःची फौज अडून बसली : थकलेला पगार मिळाल्याखेरीज नर्मदा उतरणार नाही. सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी ज्या तक्रारीचा आडोसा घेऊन शनिवारवाड्यात खून झाला, तीच तक्रार आता खुनाचा लाभ झालेल्याच्या छावणीत उभी होती. कंपनीचे हप्ते आणि स्वतःच्या शिपायांचा रोजमुरा दोन्ही एकाच रिकाम्या थैलीतून द्यायचे होते.

आणि मग कलकत्त्याहून हुकूम आला : युद्ध थांबवा. ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ मध्ये रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट करून मुंबई आणि मद्रासवर कलकत्त्याच्या सुप्रीम कौन्सिलची देखरेख बसवली होती. आज ज्याला खासगी कंपन्यांचे ‘नियमन’ म्हणतात, त्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न. सुप्रीम कौन्सिलने मुंबईकरांचे युद्ध अन्यायाचे आणि परवानगीवाचून केलेले ठरवले, कर्नल अप्टनला वकील म्हणून पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. सुरतेचा करार रद्द झाला. रघुनाथरावांनी फौज मोडून कोपरगावी राहावे असे ठरले. इंग्रजांना युद्धखर्च म्हणून बारा लाख मिळायचे होते.

साष्टी मात्र परत मिळाली नाही. करार रद्द झाला, सेवा थांबली, ग्राहकाला पदच्युत म्हणून एका गावी बसवण्याचे ठरले, तरी मोबदला कंपनीकडेच राहिला. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तकांत फार तर एक ओळ खर्च होते.

नियमनाची गंमत पुढे आहे. लंडनच्या संचालकांना मुंबईकरांनी मिळवलेला मुलूख आवडला होता, त्यांनी सुरतेच्या कराराला पसंती कळवली. कलकत्ता एक सांगते, लंडन दुसरे सांगते, मुंबई तिसरेच करते. मुंबईने रघुनाथरावांना आश्रय दिला आणि १७७८ च्या अखेरीस पुन्हा त्यांना घेऊन फौज पुण्याकडे निघाली. बोरघाट चढून आलेल्या या सुमारे चार हजारांच्या सैन्याबरोबर सामान वाहणारे बैलच हजारोंनी होते. मराठ्यांनी समोरचा मुलूख जाळून ओस पाडला, रसद तोडली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कंपनीच्या अंमलदारांनी शरणागतीचा तह लिहून दिला. त्यात साष्टी परत करण्याचे कलम होते. संकट टळताच मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तो तह झिडकारला. फौजेच्या प्रमुखांना नोकरीवरून काढण्यात आले, बेट काही सुटले नाही.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. मधल्या काळात जिंकलेली वसई इंग्रजांनी परत केली, रघुनाथरावांचा पक्ष सोडला, त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली. रघुनाथराव डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगाव परिसरात वारले. नाहूर-मुलुंडची भातखाचरे आणि खाडीकाठची मिठागरे कोणाच्या दप्तरात लिहायची, हा प्रश्न त्यांच्या मृत्यूआधी दीड वर्ष निकालात निघाला होता.

या घटनाक्रमाच्या उजेडात सेन यांच्या निष्कर्षाकडे पुन्हा पाहता येते. डच इतिहासकार डर्क कोल्फ यांनी १९९० मध्ये ‘नौकर, राजपूत अँड सिपॉय’ या ग्रंथात दाखवून दिले की उत्तर हिंदुस्थानात शेतकऱ्याने हंगामापुरते हत्यार घेऊन चाकरीला निघणे ही शतकानुशतकांची रीत होती. म्हणजे भाड्याचे शिपाई हे ऱ्हासाचे लक्षण नव्हते, ती या भूमीतील नेहमीची रोजगारव्यवस्था होती. अभ्यासक रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये हाच धागा १८०३ च्या युद्धापर्यंत नेला. दौलतराव शिंद्यांची, द बॉयनने उभारलेली पलटणे आणि तोफखाना इंग्रजांच्या तोडीस तोड होता. असईच्या रणात त्याची प्रचिती आली. परंतु युद्धाच्या तोंडावर वेलस्लीने शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज अंमलदारांना सोडून येण्याचे आवाहन केले, येणाऱ्यांना पगाराची हमी दिली, आणि बरेच जण गेले. सरसेनापती पेराँ स्वतःची पुंजी सांभाळत निघून गेला. कूपर यांच्या मते हा विजय रणांगणाइतकाच लष्करी बाजारपेठेत मिळवलेला होता.

सेन यांची मांडणी १९२८ च्या राष्ट्रवादी वातावरणातली आहे आणि तिला तसेच वाचावे. पण त्यांना पूर्ण खोडून काढणेही उचित नाही. त्यांनीच गोळा केलेले पगाराचे आकडे आणि धरण्यांच्या नोंदी सांगतात की शिपायाची जात, प्रांत वा धर्म यांपेक्षा त्याला पैसे कोण देतो आणि वेळेवर देतो का, हे निर्णायक होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात महिनाअखेर नियमाने पगार वाटणारी फौज प्रामुख्याने एकाच मालकाची होती. त्या मालकाची सावकारांकडे पत होती, आणि बंगालचा महसूल हाताशी होता.

२००८ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे सतरा देशांनी खासगी लष्करी कंपन्यांविषयी एक दस्तऐवज मान्य केला. कंपनीला कामावर ठेवणारे राज्य, ती जेथे काम करते ते राज्य आणि ती जेथे नोंदलेली आहे ते राज्य, अशा तिघांच्या जबाबदाऱ्या त्यात वेगवेगळ्या मांडल्या आहेत. हा दस्तऐवज कोणावर कायद्याने बंधनकारक नाही. सुरत प्रकरणाला ही कसोटी लावली तर कामावर ठेवणारा परागंदा होता, युद्ध ज्याच्या भूमीवर झाले त्या पुणे दरबाराला कोणी विचारले नव्हते, आणि नोंदणीचे शहर लंडन समुद्रमार्गे कित्येक महिन्यांच्या अंतरावर होते.

सुरतेचा करार झाला तेव्हा रघुनाथरावांचा मुलगा जेमतेम दोन महिन्यांचा होता. १० जानेवारी १७७५ रोजी धार येथे जन्मलेला हा मुलगा पुढे दुसरा बाजीराव म्हणून पेशवा झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांकडून पराभव होताच त्यानेही पुणे सोडले, कोकणात उतरला आणि इंग्रजी जहाजाने वसईला आला. खाडीच्या एका तीरावर सालबाईने परत मिळालेली वसई, दुसऱ्या तीरावर न मिळालेली साष्टी. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे तह झाला. कंपनीची किमान सहा हजारांची फौज कायमची पेशव्यांच्या मुलखात राहणार होती. तिच्या खर्चासाठी वडिलांप्रमाणे दरमहा रोकड मोजण्याचा प्रश्न या वेळी ठेवला नव्हता. सालिना २६ लाखांचा मुलूख आधीच तोडून दिला होता.